नववी बीचे आभार

बुधवारी पाचव्या तासाची घंटा झाली की नववी बीची मुलं रांगेनं खाली हॉलमध्ये उतरायची. वही नाही, पेन नाही, दप्तर वर वर्गातच. नुसते हात घेऊन यायचं, कारण त्या तासाला त्यांच्याकडे हातांचंच काम असे. टाळ्या वाजवायच्या.

शाळा बसवनगुडीतली, जुनी, नाव राखून असलेली. अलीकडे पालकांची एक तक्रार वाढली होती. मुलांना मार्क पडतात, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. म्हणून यंदा जूनपासून शाळेनं नववीला भाषण शिकवायचा तास ठेवला आणि तो घ्यायला शहराच्या नव्या भागातून, एचएसआर लेआउटहून, आसावरी मॅडम येऊ लागल्या. मॅडम मूळच्या पुण्याच्या. आधी एका मोठ्या कंपनीत नव्या पोरापोरींना बोलायला शिकवायच्या. उभं कसं राहायचं, हात कुठं ठेवायचे, नजर कुणाकडे लावायची, श्वास कधी घ्यायचा, सगळ्याचं त्यांच्याकडे शास्त्र होतं आणि शिकवायच्याही मन लावून. शिकवण्यात खोट नव्हती.

खोट होती ती वाटणीत. नववीचे सेक्शन दोन. ए म्हणजे वरच्या मार्कांचा, बी म्हणजे उरलेल्यांचा. मॅडम एक, तास एक. सगळ्यांनाच बोलायला देत बसलं तर धड कुणीच तयार होणार नाही, असं गणित प्रिन्सिपल सरांनी घातलं. ए बोलेल, बी ऐकेल. रिकाम्या खुर्च्यांपुढं बोलून सराव होत नाही, समोर माणसं लागतात. शिवाय ऐकणं हेही एक कौशल्यच आहे, असं सरांनी बीच्या वर्गात येऊन सांगितलं. बीच्या मुलांनी तेही निमूट ऐकून घेतलं.

मग एकाच हॉलात, एकाच तासाला दोन शाळा भरू लागल्या. वर स्टेजवर एची मुलं बोलायला शिकायची. खाली खुर्च्यांवर बीची मुलं ताठ बसायला, मान डोलवायला, बोलणाऱ्याकडे बघत राहायला शिकायची. मॅडमनी उजवा हात वर केला की टाळ्या. तळहात खाली आणला की बंद.

"माझ्या मार्कशीटवर हा विषय घालायला पाहिजे," कार्तिक म्हणायचा. तो बीमधला वात्रट. "बाकी सगळ्यात काठावर, टाळ्यांत पहिला नंबर."

"हळू. मॅडम बघताहेत," शेजारचा कुणी म्हणायचा.

"बघू देत. बघण्याचे पैसे नाही घेत आपण."

आजूबाजूची पोरं फिसफिस हसायची. सुप्रीताला मात्र हसू येत नसे.

सुप्रीता म्हणजे श्रीहरी अण्णांची थोरली. त्यांचं घराणं या कन्नड मुलखात कुठल्या तरी फौजेबरोबर तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण तिला कन्नडाची भरपूर फोडणी. बापाला अण्णा, मोठ्या बहिणीला अक्का, होकाराला सरी. पोरगी मार्कांनी मध्यम, उंचीनं मध्यम, हट्टानं मात्र बापाच्या सात पिढ्यांना पुरून उरणारी. शाळेच्या वाटेवर स्कूटरवाले फूटपाथवर चढून मागून भोंगा वाजवत. बाकीच्या मुली बाजूला होत. ही जागची हलत नसे. मागं वळून म्हणे, "अंकल, रस्ता तिकडं आहे." कुणी शिव्या घाली, कुणी ओशाळून खाली उतरे. पण हिनं कधी वाट दिली नाही.

अशा मुलीला सहा महिने गप्प बसवून दुसऱ्याचं बोलणं ऐकायला लावायचं म्हणजे तव्यावर पाणी ठेवून ते गार राहील म्हणण्यासारखं होतं. बोलणं भाकरीसारखं असतं. दुसऱ्याला खाताना पाहून आपलं पोट भरत नाही.

तिनं जुलैत मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नेक्स्ट टर्म." दसऱ्याची सुटी संपल्यावर परत विचारलं. "बघू हं." नोव्हेंबरात तास संपल्यावर ती मॅडमच्या मागोमाग गेटपर्यंत गेली. मॅडम फोनवर घरी मराठीत बोलत होत्या. फोन ठेवला तशी सुप्रीता मराठीतच म्हणाली, "मॅडम, आम्हाला पण स्वल्प बोलायला द्या की. ज्यास्ती नको. तीन मिनिटं तर तीन मिनिटं."

मॅडमचे डोळे विस्फारले. "अगं, तू मराठी? सांगायचंस ना! आणि काय क्यूट मराठी आहे तुझं! स्वल्प!"

"क्यूट राहू द्या, मॅडम. पाळी कधी देता?"

मॅडमचं हसू जरा उतरलं. "हे बघ, मला पण वाटतं गं. पण सरांनी ठरवलेलं फॉरमॅट आहे. माझ्या हातात नाही."

"हात तर तुमचाच वर जातो," सुप्रीता म्हणाली.

हे बोलणं मॅडमना लागलं. पण लागून उपयोग काय? पुढच्या बुधवारी हात वर गेलाच, आणि टाळ्या पडल्याच.

त्याच बुधवारची गोष्ट. एची मनस्विनी सगळ्यांत तयार बोलणारी. पाण्यावरचं तिचं भाषण जूनपासून चाललं होतं. ती मधोमध अडखळली, पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. आणि खाली बीच्या चारी रांगांत ओठ हलू लागले. सगळ्यांना ते वाक्य पाठ होतं. सुप्रीता तर बसल्या जागेवरून मोठ्यानं बोलून मोकळी झाली. नुसतं वाक्य नव्हे, जिथं थांबायचं तिथं थांबून, जिथं आवाज खाली आणायचा तिथं आणून.

"ऑडियन्सनं बोलायचं नसतं!" मॅडम म्हणाल्या.

"मग ऑडियन्सनं काय करायचं, मॅडम? येत असलेलं विसरायचं?"

मनस्विनीनं तिच्याकडे पाहून हळूच थँक्यू म्हटलं. तेवढंच. पण बीच्या मुलांना त्या दिवशी एक गोष्ट उमगली. आपल्यालाही सगळं येतंय. टाळ्या वाजवता वाजवता विद्या कानांतून आत गेली होती. फक्त बाहेर यायला तिला वाट नव्हती.

डिसेंबरात शाळेनं वक्तृत्वदिन ठेवला. एची मुलं भाषणं करणार, पालक येणार, एका कंपनीचे मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार. बीनं पुढच्या रांगांत बसायचं, म्हणजे टाळ्यांना जोर येईल. सगळी भाषणं मॅडमनी तपासली, सरांनी तपासली, पुन्हा मॅडमनी तपासली. मग कुणीतरी सरांच्या कानावर घातलं की बीचे पालकही येणार आहेत, त्यांचं एकही मूल स्टेजवर दिसलं नाही तर बरं दिसणार नाही.

"मग आभार देऊन टाका बीला," सर म्हणाले.

आभार म्हणजे काय, हे ज्यानं आपल्याकडचे कार्यक्रम पाहिलेत त्याला सांगायला नको. शेवटी येतात, तोवर अर्धा हॉल उभा राहिलेला असतो, चपला शोधत असतो. पाहुण्यांपासून माइकवाल्यापर्यंत नावं वाचायची आणि उतरायचं. आभार बिघडत नाहीत, कारण ते कुणी ऐकतच नाही. म्हणूनच ते कुणी तपासतही नाही. मॅडमनी सुप्रीताचं नाव सुचवलं. मनात कदाचित तिचं देणं फेडावं असं असेल.

"अभिनंदन," कार्तिक म्हणाला. "सगळे जेवून उठल्यावर तुला बोलावलं. पत्रावळी उचलायला."

"गप रे."

"गप तर आहेच मी, जूनपासून."

सुप्रीता घरी आली ती फुरंगटून. श्रीहरी अण्णा विमा कंपनीत कारकून. भांडणापेक्षा वळसा बरा, अशा स्वभावाचे. ते म्हणाले, "सरी, आभार तर आभार. नावं वाच आणि खाली ये. कशाला उगा ताप?"

त्या रविवारी राजाजीनगरहून वसुमती अत्या मेट्रोनं आल्या होत्या. अण्णांच्या थोरल्या बहीण, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, तोंडानं फटकळ. त्यांच्या भागातल्या रामनवमीच्या कार्यक्रमांत आभाराचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याच गळ्यात. त्या खुदकन हसल्या.

"काय हसता, अत्या?"

"अगो, माझं आयुष्य गेलं आभार मानण्यात. मी माइकपाशी गेले की लोक पानकाच्या, त्या गुळाच्या सरबताच्या, पातेल्याकडे निघत. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या पाठींचेच आभार मानले."

"मग?"

"मग डोकं चालवलं. मोठ्या माणसाचं नाव आधी घ्यायचंच नाही. तो कुठं जात नाही, त्याला खुर्ची सोडायची लाज वाटते. जो दाराकडे निघालाय त्याचं नाव घ्यायचं. पाठीत हाक मारली की वाघसुद्धा वळून बघतो. एक वळला की मागचे अडकतात."

"अक्का, तिला काही शिकवू नकोस हं," अण्णा म्हणाले.

"मी कुठं शिकवते? शिकवायला शाळा आहे की. तिथं टाळ्या शिकवतात म्हणे."

अण्णांनी चहाचा कप उचलला आणि आत गेले.

वक्तृत्वदिनाला हॉल भरला. एकामागून एक भाषणं झाली, चांगलीच झाली. मनस्विनी कुठं अडखळली नाही. मॅडमचा हात वर जात होता, बीच्या टाळ्या कडाडत होत्या. पाहुण्यांनी आपलं भाषण लांबवलं तितकं लांबवलं. बाहेर बोंड्यांचा आणि कॉफीचा वास सुटला. निवेदन करणाऱ्या मुलानं "आता आभार" म्हणताच खुर्च्या सरकू लागल्या.

सुप्रीता माइकपाशी गेली. हातात कागद नव्हता. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवून उभं राहायचं, घाई करायची नाही, हे मॅडम एच्या मुलांना सांगत असताना तिनं शंभरदा ऐकलं होतं. ती उभी राहिली. दाराकडे पाहिलं.

"दारात पोचलेले मनस्विनीचे बाबा, पहिले आभार तुमचे."

मनस्विनीचे बाबा थबकले. वळले. त्यांच्या मागची सहा-सात माणसं त्यांच्या पाठीला धडकून थांबली.

"रोज सकाळी मुलीला तुम्ही वेळेवर आणून सोडता. तुमची स्कूटर फूटपाथवर कधी चढत नाही. मी बघते."

हॉलमध्ये हशा पिकला. चपला शोधणारे मान वर करून बघू लागले.

"निळी साडी नेसलेल्या काकू, बाळाला घेऊन निघालात, तुमचे आभार. बाळ सगळ्या भाषणांत रडलं नाही. आम्हाला तेवढं जमलं नसतं. प्रमुख पाहुण्यांचे आभार. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण उठले नाहीत."

पाहुणे मोकळेपणानं हसले. आता कुणी निघत नव्हतं. आभार ऐकण्यासारखे असतात, हे त्या हॉलाला नवीनच होतं. मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्यांच्याही ओठांवर हसू होतं. शिकवलेलं कुणाच्या का तोंडून असेना, बाहेर आलं की गुरूला बरं वाटतंच.

"आता नववी बीचे आभार," सुप्रीता म्हणाली. "यांचं नाव पत्रिकेत नाही. उभे राहा रे सगळे."

बीची मुलं एकमेकांकडे बघत उभी राहिली. कार्तिक पहिला, त्याच्या मागून बाकीची. शेवटी शिवलीला उठली. ती यंदाच कलबुर्गीहून आलेली. तिकडचं कन्नड वेगळ्या चालीचं. पहिल्या दिवशी तिनं नाव सांगितलं, त्या बोलण्याला अख्खा वर्ग हसला, तेव्हापासून ती हजेरी सोडून फारसं बोललीच नव्हती.

"तुम्ही आज ज्या भाषणांना वाहवा दिलीत, ती या मुलांनी जूनपासून ऐकलीत. चुकलेली ऐकली, अर्धी राहिलेली ऐकली, सगळ्यांना टाळ्या दिल्या. ती आता यांना पाठ आहेत. हा भाषणाचा तास नववीसाठी आहे, असं शाळेनं तुम्हाला कळवलंय. हेही नववीतच आहेत. पण यांच्यातल्या एकालाही आजवर एक वाक्य—"

प्रिन्सिपल सरांचा चेहरा मघाशीच बदलला होता. त्यांनी माइकवाल्याला खूण केली. आभारांनंतर राष्ट्रगीत हा आपल्याकडचा रिवाज. आभार संपले असं सरांनी ठरवलं आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळा हॉल ताठ उभा राहिला. सुप्रीताही माइकपुढं सरळ उभी राहिली, हात बाजूला घेतले आणि गाऊ लागली. तिनं एक ओळ चुकवली नाही. बीची मुलं गात होती, एची गात होती, पाहुणे गात होते, सर गात होते.

सरांची चूक झाली ती इथं. एखाद्याला गप्प करायचं तर पंखे लावावेत, खुर्च्या हलवाव्यात, बोंडे आले म्हणून ओरडावं. राष्ट्रगीतानं माणसं पांगत नाहीत, उभी राहतात. दारातले लोक दारात खिळले. बाहेर पडलेलेही कॉफीचे पेले खाली ठेवून वळून उभे राहिले. शेवटचा जयजयकार झाला आणि त्या क्षणी अख्खा हॉल गप्प, ताठ, स्टेजकडे तोंड करून होता. एवढी एकाग्र सभा मॅडमना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती.

"माझं वाक्य अर्धं राहिलं होतं," सुप्रीता म्हणाली.

कुणी हललं नाही.

"यांच्यातल्या एकालाही आजवर एक वाक्य बोलायला मिळालेलं नाही. आम्हाला आमची पाळी पाहिजे. पुढच्या बुधवारपासून. ज्यांनी ती अजून दिली नाही, त्यांचे आभार मी आज मानत नाही. दिली की मानीन."

ती स्टेजवरून उतरली. मॅडमचा हात वर गेला नाही, त्यामुळे बीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तसंच उभे राहिले सगळे, पालकांकडे बघत. पालक त्यांच्याकडे बघत. टाळ्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना नंतर वाटलं असेल. टाळ्या संपतात. ही शांतता लोक घरोघरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी श्रीहरी अण्णांना बोलावणं आलं. अर्धी रजा टाकून ते आले. सरांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर टेकले आणि सरांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "सॉरी सर."

"पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू गेली."

"सॉरी सर."

"शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"आहे सर. सॉरी सर."

सुप्रीता शेजारी उभी. अण्णांच्या प्रत्येक सॉरीबरोबर तिची मान खाली जात होती. आपल्यापायी बापाला हे करावं लागतंय, याचा तिला संताप आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

सरांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. सोमवारी प्रार्थनेनंतर सुप्रीतानं तो सगळ्या शाळेपुढं वाचायचा. खाली पालकांची सही.

अण्णांनी खिशातून चष्मा काढला. विम्याच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस. छापलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. ते वाचू लागले. सर बोटांनी टेबल वाजवत राहिले. अण्णा शेवटपर्यंत आले आणि पुन्हा मधल्या एका ओळीवर गेले.

"सर, इथं लिहिलंय, मी बोलले ते चुकीचं होतं."

"हो, मग?"

"काय चुकीचं होतं?"

"म्हणजे?"

"बीच्या मुलांना पाळी दिली होती का? दिली असेल तर हिची चूक. मी आत्ता सही करतो. हिला घरी दोन शब्दही ऐकवतो."

सर म्हणाले, "प्रश्न तो नाही, मिस्टर श्रीहरी. तुम्ही स्वल्प अॅडजस्ट करा."

"मी आयुष्यभर तेच केलं, सर," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून डबीत ठेवला. "पण न झालेल्या चुकीवर सही करता येत नाही. आमच्या विम्यात तो फ्रॉड होतो."

सुप्रीतानं बापाकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. कागद तसाच टेबलावर राहिला.

"सरी," प्रिन्सिपल म्हणाले. "मग माफी येईपर्यंत नववी बी हॉलमध्ये यायचं नाही. वर बसा. अभ्यास करा."

झालं. पाळी मागायला गेली आणि ऐकणंही हातचं गेलं. वर्गात बातमी कळली तसे लोक तिच्यावर उखडले.

"खाली निदान पंख्याखाली बसायला मिळायचं," कुणी म्हणालं.

"माफी माग ना बाई. दोन ओळी तर आहेत. आमचा तास गेला तुझ्यापायी."

"कसला तास?" सुप्रीता म्हणाली. "तास त्यांचा होता. आपण त्यांच्या खुर्च्या होतो."

"खुर्च्यांना गादी तरी होती," कार्तिक म्हणाला, आणि चिडलेले लोकही हसले. पण कुरकुर थांबली नाही.

बुधवार उजाडला. पाचवा तास. बदली तासावर चित्रकलेचे सर आले, फळ्यावर अभ्यास करा असं लिहिलं आणि खिडकीपाशी पेपर उघडून बसले. खालून हॉलमधला माइक ऐकू येत होता. आज त्याचा आवाज वेगळाच वाटत होता, विहिरीत ओरडावं तसा. रिकाम्या खुर्च्यांवरून शब्द परत फिरत होते.

सुप्रीता उठली. सरांजवळ जाऊन विचारलं, "सर, आम्ही बोललो तर चालेल?"

सरांनी पेपर न हलवता म्हटलं, "बोला. गोंधळ नको."

तिनं पुढचे दोन बाक मागं ओढले. जागा झाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. आता ही बोलणार, जूनपासून हिलाच तर बोलायचं होतं.

"शिवलीला, ये," सुप्रीता म्हणाली.

"मी?"

"माझी पाळी झाली त्या दिवशी. आता दुसऱ्यांची."

शिवलीलानं मान हलवली, नाही. मग वर्गात कुणीतरी, बहुतेक पहिल्या दिवशी हसलेल्यांपैकीच, म्हणालं, "ये गं. कुणी हसणार नाही." आणि कार्तिक म्हणाला, "हसलं तर मी त्याच्या भाषणात घोरेन."

ती आली. ओढणीचं टोक मुठीत धरून उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. वर्ग थांबला. एवढं मात्र बीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. बोलणाऱ्याला वाट कशी द्यायची, हे त्यांच्याइतकं त्या शाळेत कुणालाच येत नव्हतं.

"माझ्या गावचं ऊन," शिवलीला म्हणाली, आपल्याच चालीच्या कन्नडात. "तुम्हाला ऊन माहीत नाही. तुम्ही इथं ज्याला ऊन म्हणता, त्याला आमच्याकडे सावली म्हणतात."

वर्ग हसला. पण हे हसणं वेगळं होतं, आणि ते शिवलीलालाही कळलं. तिनं ओढणी सोडली.

तेवढ्यात दारात आसावरी मॅडम आल्या. जिना चढून दम लागला होता. दोन पावलं आत येऊन त्या म्हणाल्या, "चला, चला सगळे. सरांशी बोलले मी. ते म्हणाले, माफीचं राहू दे. खाली या. ए सेक्शन थांबलंय, समोर कुणी नाही तर त्यांचं काही होतच नाहीये."

कुणी उठलं नाही. चारसहा माना सुप्रीताकडे वळल्या. पण आधी बोलला तो कार्तिक. "मॅडम, आज जमणार नाही. आम्हाला काम आहे."

"काम? कसलं काम?"

"आमचा तास चालू आहे," सुप्रीता म्हणाली. "त्यांना ऐकायला माणसं पाहिजेत तर वर पाठवा त्यांना. आमच्याकडेही लागतात."

मॅडमनी फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. सहा महिने त्यांनी या मुलीला टाळ्या वाजवताना पाहिलं होतं. तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं. खालून कुणीतरी माइकमध्ये हॅलो, हॅलो करत होतं.

"मी बसू?" मॅडमनी हळूच विचारलं. आणि मराठीत.

"बसा की," सुप्रीता मराठीतच म्हणाली. "मागं जागा आहे. पण मध्ये बोलायचं नाही, मॅडम. आणि खुणा करायच्या नाहीत."

मॅडम मागच्या बाकाकडे निघाल्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "किती वेळ आहे हिचा?"

"तिचं संपेपर्यंत."

मॅडम बसल्या. बाक बुटका होता, त्यांचे गुडघे वर आले. चित्रकलेच्या सरांनी पेपर खाली ठेवला. शिवलीलानं एकदा सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि, आता ऐकणारं एक माणूस वाढलंय तर त्यालाही कळावं म्हणून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.